गेरूचा हात आणि मखमली म्यान

एकदा एका तालमीतल्या शिष्याला आयुष्यातलं पहिलं जोखमीचं काम मिळालं, आणि त्या आनंदात त्याने सर्वांत आधी काय केलं असेल? तो खरेदीला धावला! त्याच्या जागी आपण असतो तर आपणही हेच केलं असतं, म्हणून त्याला हसण्याची घाई करू नये.

या शिष्याचं नाव भिवजी. बारा वर्षं तो एका वृद्ध वस्तादांच्या घरी राहून शस्त्रविद्या शिकला होता. बिचवा, म्हणजे आखूड वाकडी कट्यार, चालवण्यात त्याचा हात असा तयार झाला होता की फेकलेलं लिंबू जमिनीवर पडायच्या आत त्याच्या दोन फोडी होत. पण ही विद्या अजून तालमीच्या तांबड्या मातीबाहेर गेली नव्हती. बारा वर्षं नुसती लिंबं कापायची म्हणजे तरुण माणसाचा जीव कसा तडफडत असेल!

आणि एके दिवशी तालमीच्या दारात जवाहिराचा एक व्यापारी येऊन उभा राहिला. दर वर्षी तो घाट उतरून बंदरावर जात असे. गेल्या वर्षी त्याने बरोबर दोन भालाईत घेतले होते. चोरांनी दुरूनच भाल्यांची पाती चमकताना पाहिली, इथे नेण्यासारखं काहीतरी आहे हे ओळखलं, आणि वळणावर वरून आधी त्या भालाइतांवरच दगड लोटले. त्यात व्यापाऱ्याचा धाकटा भाऊ गेला.

“वस्ताद, मला पहारेकरी नको,” व्यापारी हात जोडून म्हणाला. “पहारेकरी वाटणार नाही असा माणूस द्या. बघणाऱ्याला वाटावं, शेठनं गाठोडं उचलायला गडी घेतलाय. हत्यार हवंच, पण ते त्याचं त्याला आणि देवाला ठाऊक. आणखी एक भाऊ मला नाही वस्ताद, गमवायला.”

आठ दिवसांनी येतो असं सांगून तो गेला. वस्तादांनी भिवजीला हाक मारली.

“काम तुझं,” ते म्हणाले. “पण आजपासून आठ दिवस बिचवा अंगावर बाळगायचा आणि या गावात नेहमीसारखं वावरायचं. तुझ्याकडे काही आहे असा कुणाला नुसता वास जरी आला, तरी शेठबरोबर दुसरा जाईल. त्याच्या घरातला एक माणूस आधीच गेलाय, एवढं ध्यानात ठेव.”

भिवजीने वस्तादांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तो जो निघाला तो थेट जिनगराच्या दुकानात. खोगिरं आणि म्यानं शिवणारा तो जिनगर म्हातारा होता, सावकाश बोलणारा. त्याने भिवजीला आधी प्रश्नच विचारायला सुरुवात केली.

“दिवसातून किती वेळ मांडी घालता? ओणवं व्हायचं काम असतं का? शेला किती घट्ट बांधता? जेवल्यावर सैल करता का?”

“अहो, मला म्यान हवंय,” भिवजी हसू दाबत म्हणाला. “सोयरीक नाही जुळवायची!”

जिनगराने मेंढीच्या मऊ कातड्याचं एक साधं, मातकट म्यान पुढे केलं. भिवजीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याची नजर वरच्या फळीवर खिळली होती. तिथे लाल मखमलीचं, चांदीच्या टोकाचं, कडक लाकडी गाभ्याचं म्यान ठेवलेलं होतं. आता बघा, जे म्यान अंगरख्याच्या आत, शेल्याच्या खाली, साऱ्या जगापासून लपवून ठेवायचं, त्याची मखमल दिसणार कुणाला? पण ऐन उमेदीच्या वयात हा प्रश्न पडत नाही. भिवजीने ते म्यान उचललं आणि उड्या मारतच घर गाठलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांढराशुभ्र अंगरखा घालून, डाव्या कुशीला म्यान खोचून तो वस्तादांसमोर उभा राहिला. वरून खरोखरच काही दिसत नव्हतं. वस्तादांनी त्याला एकदा न्याहाळलं. मग एका वाटीत गेरू घेतला, त्यात तेल घालून खलला, आणि भिवजीचा डावा तळवा त्या गेरूने चांगला माखून टाकला.

“हे कशासाठी, वस्ताद?”

“संध्याकाळी सांगतो. उतरला की पुन्हा लावायचा. कुणी विचारलं तर म्हण, तुळशीवृंदावन रंगवतोय.”

भिवजी चक्रावला. पण बारा वर्षांत प्रश्न गिळायची सवय झाली होती, तो निमूट बाहेर पडला. दिवसही असा भरगच्च गेला! सकाळी बाजार, दुपारी गावातल्या एका लग्नाची पंगत, मग कुणाची तरी चिखलात रुतलेली गाडी ढकलणं, मग पारावर गप्पा. कुणाला कसली शंका नाही. संध्याकाळी तो छाती फुगवून परतला.

“वस्ताद, जिंकलो! कुणाला काही कळलं नाही. दिवसभरात एकदाही हात लावला नाही मी म्यानाला.”

“एकदाही?”

“एकदाही नाही!”

“अंगरखा काढ,” वस्ताद म्हणाले, “आणि डावी बाजू बघ.”

भिवजीने अंगरखा काढून समोर धरला आणि त्याचा चेहरा पडला. डाव्या कुशीवर तांबड्या बोटांचे ठसे होते, एकावर एक, इतके की मधलं पांढरं कापड दिसेनासं झालं होतं. पंगतीत मांडी घालताना म्यानाचं टोक जांघेत रुतलं तेव्हाचे. वाकल्यावर वरचं तोंड बरगडीला लागलं तेव्हाचे. उठल्यावर म्यान घसरलं की काय म्हणून चाचपलं तेव्हाचे. यातला एकही ठसा त्याला आठवत नव्हता.

 वस्तादांनी तो अंगरखा वळणीवर असा वाळत घातला की येता-जाता भिवजीला तो दिसत राहावा!

भिवजी मोठा जिद्दीचा. त्याला वाटलं, दोष हाताचा आहे, तेव्हा हातालाच वळण लावू. पुढचे दोन दिवस तळव्याला गेरू लावून त्याने दात-ओठ खाऊन हात खाली ठेवला. म्यान टोचलं तरी हात खाली, घसरलं तरी हात खाली. अंगरखा पांढरा राहिला हे खरं, पण चालणं असं झालं की कुणी पाठीला फळी बांधली असावी. बाजारातल्या भाजीवाल्या मावशींनी कोथिंबीर देता देता त्याला आपादमस्तक पाहिलं.

“कंबर धरली का रे लेकरा? ओव्याची पुरचुंडी करून शेक दे.” आणि शेजारणीकडे वळून त्या म्हणाल्या, “डाव्या अंगाला धरलीय बघ.”

डाव्या अंगाला! बरोबर जागा सांगितली की हो मावशींनी. भिवजीला घाम फुटला. कोथिंबीर तिथेच विसरून तो घरी पळाला.

पाचव्या दिवशी सकाळी त्याच्या कुशीची कातडी सोलवटली होती. नदीवर अंघोळीला तर जायचं, घाट दोनशे पावलांवर, तिथे कोण येतंय वैरी? असं म्हणून त्याने म्यान खुंटीला अडकवलं आणि हलक्या अंगाने, शीळ घालत नदीकडे निघाला. तीन दिवसांनी प्रथमच त्याला मोकळा श्वास घेता येत होता.

नदीच्या पायरीवर वस्ताद बसले होते. त्यांच्या पुढ्यात एक लिंबू होतं.

“ये भिवा. बरा आलास. तुझा बिचवा दे, लिंबू चिरायचंय.”

भिवजी जागच्या जागी उभा राहिला. लाजेने त्याचे कान तापले. “खुंटीवर आहे, वस्ताद,” तो कसाबसा म्हणाला.

“असू दे,” वस्ताद म्हणाले. त्यांचा हात अंगरख्याच्या आत गेला आणि बाहेर आला, आणि लिंबाच्या दोन फोडी पायरीवर पडल्या! त्यांच्या हातात वीतभर लांबीचा बिचवा होता.

भिवजी पाहतच राहिला. बारा वर्षं! या माणसाच्या शेजारी बसून तो जेवला होता, त्यांचे पाय चेपले होते, आजारपणात त्यांना पाठीवर घेऊन वैद्याकडे नेलं होतं. आणि बारा वर्षांत त्याला कधी कळलं नव्हतं की त्यांच्या अंगावर हत्यार असतं.

“कधीपासून बाळगता, वस्ताद?” त्याने आवाज खाली आणून विचारलं.

“तू तालमीत आलास त्याच्या आदल्या वर्षापासून एक दिवस खंड नाही. त्याआधी एके दिवशी मीही खुंटीला लावला होता. असाच टोचत होता म्हणून. त्याच दिवशी माझा जोडीदार माझ्यासमोर मारला गेला, आणि माझे हात रिकामे होते.”  त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवलं नाही. मग ते म्हणाले, “ऐक, भिवा. हत्यार कापडाने झाकलं जात नाही. जे टोचतं तिकडे हात जातो, आणि हात जातो तिकडे बघणाऱ्याचे डोळे जातात. हात दाबून धरलास तर सारं अंग ओरडून सांगतं. आणि अंगाला जे सोसत नाही, ते माणूस कधीतरी खुंटीला लावतोच. तो दिवस नेमका कुठला असेल हे आपल्या हातात नसतं. सोय म्हणजे चैन नव्हे. रोज निभावेल तेच खरं शस्त्र. अंगाला त्याचा विसर पडावा, मनाला पडता कामा नये.”

त्यांनी आपलं म्यान काढून भिवजीच्या हातावर ठेवलं. साधं कातडं, घामाने काळं पडलेलं, वस्तादांच्या कुशीला जसा बाक होता तसाच बाक त्यालाही आलेला. त्यावर चांदीचा कण नव्हता.

भिवजीने नदीत एक बुडी मारली, घरून बिचवा घेतला आणि तो तडक जिनगराकडे गेला, ओल्या धोतरानिशी! या वेळी त्याने फळीकडे मान वर केली नाही. “आजोबा, तुमचे ते प्रश्न पुन्हा विचारा,” तो म्हणाला. म्हातारा गालात हसला आणि त्याने या पठ्ठ्याला दुकानातच मांडी घालायला लावली, उकिडवं बसवलं, माळ्याच्या शिडीवर चढवलं, जमिनीवरची सुई उचलायला सांगितली. दर वेळी तो कातडं कुठे दबतं ते बोटाने पाही आणि तिथून एक टाका उसवून दुसरीकडे घाली. म्यान थोडं मागे सरकलं, थोडं तिरपं झालं, त्याचं टोक आखूड आणि गोल झालं. शेवटी बिचवा आत घालून जिनगराने ते उलटं धरून गदगदा हलवलं. बिचवा पडला नाही. मग त्याने भिवजीला तो उपसायला सांगितला. बिचवा कुठेही न अडता हातात आला.

“पाहा,” जिनगर म्हणाला, “धावताना सुटू नये आणि वेळेला अडू नये. बाकी सगळं तुमच्या कुशीला विचारायचं.”

नवं म्यान लावून भिवजी दोन दिवस गावभर हिंडला. भाजीवाल्या मावशींनी विसरलेल्या कोथिंबिरीऐवजी ताजी जुडी त्याच्या हातात कोंबली आणि “शेक लागू पडला हो!” म्हणून स्वतःचीच पाठ थोपटली.

आठव्या दिवशी सकाळी व्यापारी आला. वस्तादांनी पहाटेच भिवजीचा डावा तळवा पुन्हा गेरूने माखला होता. सगळे जेवायला बसले. भिवजी पानं वाढत होता, वाकत होता, मग शेठच्या शेजारच्याच पाटावर मांडी घालून त्यानेही दोन घास खाल्ले. शेठचं मात्र जेवणात लक्ष नव्हतं. ते पुनःपुन्हा दाराकडे बघत होते.

“वस्ताद, वेळ होत आली,” ते शेवटी अगदी काकुळतीला येऊन म्हणाले. “तो हत्यारवाला माणूस कधी येणार? का मिळालाच नाही? तसं असेल तर सांगा, मी यंदा जातच नाही.”

वस्तादांनी भिवजीकडे पाहिलं. भिवजी हात धुऊन उठला. गेरू तेलात खललेला, तो पाण्याने कसला जातोय!

“चला, शेठजी,” तो म्हणाला. “मी तयार आहे.”

शेठ त्याच्याकडे बघतच राहिले. “तू? अरे, तू तर मघापासून माझ्या मांडीला मांडी लावून बसलायस! आणि तुझं हत्यार?”

हाच तो क्षण. असं विचारल्यावर कुणाचाही हात आपोआप कुशीकडे जातो. वस्तादांनी श्वास रोखून धरला. भिवजी खाली वाकला, शेठचं गाठोडं त्याने डाव्या हाताने उचलून खांद्यावर घेतलं आणि हसून म्हणाला, “आहे, शेठजी.”

शेठच्या डोळ्यांतून पाणी आलं. पुढे काही न विचारता ते पायऱ्या उतरले, आणि त्यांच्यामागून भिवजी.

वस्ताद दारात उभे राहून दोघांना जाताना पाहत होते. ऊन आता चांगलं वर आलं होतं, त्यात सगळं लख्ख दिसत होतं. गाठोड्यावर गेरूची पाच बोटं स्पष्ट उमटली होती. अंगरख्याची डावी कूस मात्र धुतल्यासारखी पांढरी होती.