पाथरठाणची उंबरकाढ

पाथरठाणात कुणाला गावातून, घरातून किंवा कामावरून काढलं, की लोक म्हणतात, ‘त्याची उंबरकाढ झाली.’ हा शब्द ओढ्यापलीकडच्या गावालाही ठाऊक नाही. पाहुण्यांनी अर्थ विचारला, की देवळाचे गुरव भिवाआबा आधी त्यांना गल्लीतली दारं दाखवतात. दारांना उंबरठे नाहीत. मग ते सांगू लागतात.

फार पूर्वी इथे कान्हू नावाचा पाथरवट होता. गावातला एकूण एक उंबरठा त्यानेच घडवून बसवलेला. एकदा पाटलाच्या सांगण्यावरून त्याने गायरानाच्या हद्दीचा दगड उपटला आणि वीस पावलं आत रोवला. गायरानाची तेवढी जमीन पाटलाच्या शेतात आली. सगुणा नावाच्या विधवेने ते पाहिलं आणि भर चावडीत सांगितलं.

पाटील हसला. “का गं, दगडाला पाय फुटले?”

“पाय नाही, हात लागले. कान्हूदादा, सांगा की!”

कान्हूने मान खाली घातली. त्याने नुसता हुंकार भरला असता तरी सगुणा वाचली असती. पण मग पाटलाने त्याला गावात राहू दिलं नसतं. घरात चार लेकरं होती.

“मला काही ठाऊक नाही,” तो म्हणाला.

खरं काय ते चावडीतल्या सगळ्यांना माहीत होतं, असं सांगतात. कुणी तोंड उघडलं नाही. खोटारडी म्हणून सगुणाला गावाबाहेर काढायचं ठरलं. उंबरठा उपटला की घर मोडलं, अशी तेव्हाची रीत; आणि ज्याने तो बसवला, त्यानेच उपटायचा.

कान्हू पहार घेऊन आला. सगुणा बोचकं घेऊन दारात उभी होती.

“जपून, दादा,” ती म्हणाली. “कोपरा उडेल. तुमच्याच हातचं काम आहे.”

ती गेली. कुठे गेली, ते कुणी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी कान्हू स्वतःच्याच दारात अडखळून पडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा, त्याच जागी. अंगठा फुटला, पण उंबरठा होता तिथेच होता, तसूभरही वर आलेला नव्हता. आठव्या दिवशी त्याने तो उपटून टाकला. मग शेजारी अडखळू लागले, मग त्यांचे शेजारी. वर्षभरात अख्ख्या गावाने आपापले उंबरठे ओढ्यात लोटले, म्हणे.

आजही नव्या नवरीसाठी पाथरठाणात माप ठेवतात ते सपाट भुईवर. उंबरठा उरला आहे तो एकाच घराला, पाटलांच्या.

“त्या दारात,” भिवाआबा सांगतात, “कधी कुणाला ठेच लागली नाही.”