मासळीच्या काट्यांचा हार

एका राज्यात प्रद्योत नावाचा राजा होता. त्याच्या पदरी हत्ती होते, घोडे होते, आणि सगळ्यांहून नावाजलेली एक रत्नशाळा होती. तिथे पूर्वजांचे दागिने मखमलीवर मांडलेले असत. लोक लांबून येत, दोरीपलीकडून हात जोडत आणि परत जात. मखमलीवरचा दागिना कोणी अंगावर घालायचा नाही, असा तिथला रिवाज होता. अंगावर जे असेल त्याला दागिना म्हणून कोणी पाहत नसे. आणखी एक रिवाज होता. राजासमोर मान खाली घालून, नजर त्याच्या पायांवर ठेवूनच बोलायचं.

रत्नशाळेची देखरेख गदाधरशास्त्री करीत. पाठ वाकलेली, विद्या अफाट. इतकी अफाट, की कोणत्याही प्रश्नाची दोन उत्तरं त्यांना एकदम सुचत आणि दोन्ही खरी वाटत. छतात एक साळुंकी राही. ती माणसासारखी बोले. "ठरेना, ठरेना, शास्त्रीबुवांचं ठरेना!" असं ती दिवसभर घोकत बसे.

राजाला एकच लेक, इंदुलेखा. ती क्षणभर स्वस्थ बसत नसे. जेवतानाही तिचे पाय हलत. कधी ती रत्नशाळेत येई आणि विचारी, "शास्त्रीबुवा, हे दागिने नुसते पडून कंटाळत नसतील?"

"एका अर्थी होय, एका अर्थी नाही," शास्त्री म्हणत. ती खळखळून हसे. तेवढं हसू त्या दालनात दिवसभर पुरे.

एके दिवशी कंकणा नावाची जादूगारीण रत्नशाळेच्या दाराशी आली. तिच्या हातात तिने स्वतः घडवलेला हार होता. मासळीचे काटे, फुटक्या बांगड्यांच्या काचा, चिंचोके, मधून लोखंडाची तार. ती म्हणाली, "हा आत मांडा."

शास्त्रींनी हार चिमट्याने उचलला, उलटला, सुलटला. त्यांना तो सुंदर वाटला. मग अडगळ वाटला. मग पुन्हा सुंदर वाटला.

"बाई, हा दागिना आहे की नाही, ते मला ठरवता येत नाही."

राजा तिथेच होता. तो हसून म्हणाला, "मांजरापुढे टाका. ते ठरवील."

कंकणाने हार दाराच्या कडीला अडकवला आणि म्हणाली, "राजा, तुला दागिना ओळखता येत नाही. उद्या तुझी लेक दागिना होईल. बघू, ओळखतोस का!"

सकाळी इंदुलेखेचा पलंग रिकामा होता. रत्नशाळेला लागूनच दरबार होता; तिथे कंकणा हातात कमळ घेऊन उभी होती.

"हे कमळ मिटेपर्यंत तीन उत्तरं द्या. सर्वांत जुना दागिना कोणता? सर्वांत नवा कोणता? आणि तिसरा, तुमची मुलगी. चुकलात, तर ती जन्मभर सोनंच राहील."

मग एकच गोंधळ उडाला. प्रधान म्हणाला, ती रत्नहारात आहे. सेनापती म्हणाला, बाजूबंदात. राणी एकेका बांगडीला हाका मारीत सुटली. राजा कान चोळत ओरडला, "सकाळपासून कानाशी माशी घोंगावते आहे, त्यात तुमची ही कटकट! शास्त्री, तुम्ही सांगा!"

"महाराज, मला... दोन शक्यता दिसतात."

"दोन? सेनापतीला तरी एकच दिसते!"

कंकणा म्हणाली, "शास्त्री, तोंडाने नको. अंगावर घालून सांगा."

अंगावर! दरबार थरारला. पण राजाची लेक जाणार होती, आणि तिचं ते हसू शास्त्रींच्या कानात होतं. त्यांनी चिमटा खाली ठेवला. गळ्यात ठुशी घातली. दंडाला वाकी चढवली. नाकात नथ अडकवली, ती दाढीत गुंतली. प्रधान तोंडावर उपरणं धरून हसू लागला.

"नवरी ठरली, नवरी ठरली!" साळुंकी ओरडली. "मुहूर्त मात्र ठरेना!"

शास्त्री मुकुटापाशी थबकले. सगळे त्याला सर्वांत जुना म्हणत. पण सोनं पुन्हा पुन्हा वितळवलेलं, मग जुनं काय, सोनं की घडण? ते कोपऱ्यात गेले आणि कवड्यांची एक मळकी माळ त्यांनी गळ्यात घातली. कवड्यांची भोकं एका अंगाला झिजली होती. कितीएक पिढ्यांच्या गळ्यांनी ती तशी केली होती.

"बहुतेक... हीच सर्वांत जुनी."

"बहुतेक चालेल," कंकणा म्हणाली. कमळाच्या पाकळ्या आत वळू लागल्या होत्या.

सर्वांत नवा कोणता? शास्त्रींनी मखमली धुंडाळल्या, आणि मग त्यांची नजर दाराच्या कडीकडे गेली. तो दागिना की अडगळ, हे अजूनही ठरत नव्हतं. न ठरताच त्यांनी तो हार गळ्यात घातला.

"हा," ते म्हणाले. "का, ते विचारू नका."

कंकणा पहिल्यांदाच हसली. "आता तिसरं."

तिसरं सापडत नाही, हे सांगायला शास्त्री सिंहासनासमोर गेले. त्यांनी रिवाजाप्रमाणे मान खाली घातली, तोच काटा हनुवटीला टोचला. त्यांनी पुन्हा वाकून पाहिलं, पुन्हा टोचला. त्या हारात मान वाकतच नव्हती. कित्येक वर्षांनी गदाधरशास्त्री ताठ उभे राहिले, आणि त्यांची नजर राजाच्या पायांवरून थेट त्याच्या तोंडावर गेली.

"शास्त्री! नजर खाली!"

"येत नाही, महाराज."

राजाच्या कानाच्या वरच्या पाळीत भिकबाळी होती, दोन मोत्यांमध्ये एक माणिक. राजा दगडासारखा बसला होता. बाळी मात्र हलत होती. क्षणभरही थांबत नव्हती.

शास्त्रींना पुन्हा दोन उत्तरं सुचली. वारा असेल. इंदुलेखा असेल. कमळाची शेवटची पाकळी तेवढी मिटायची होती. ते सिंहासनाच्या पायऱ्या चढले.

"ठरलं," ते म्हणाले, आणि त्यांनी राजाच्या कानातून बाळी काढली.

हातात बाळी नव्हती, मुलीचं मनगट होतं. इंदुलेखा पायरीवर उभी होती, लालबुंद. "बाबा! सकाळपासून तुमच्या कानात ओरडते आहे मी!"

"मला वाटलं माशी," राजा म्हणाला, आणि तिला पोटाशी धरून रडू लागला.

कंकणाने पुन्हा उमललेलं कमळ तिच्या हातात दिलं. शाप सरला.

तेव्हापासून त्या राज्यात रिवाज बदलला. सणाच्या दिवशी रत्नशाळेतले दागिने माणसांच्या अंगावर बाहेर पडतात, आणि दरबारात लोक राजाच्या तोंडाकडे पाहून बोलतात. एवढं झालं, तरी एक गोष्ट राहिली. इंदुलेखेने विचारलं, "शास्त्रीबुवा, काट्यांचा हार कुठे मांडायचा? जुन्यांत की नव्यांत?"

शास्त्री विचारात पडले. साळुंकीने चोच उघडली.

"तू गप्प बस," शास्त्री म्हणाले. "तो मी घालूनच राहणार आहे."

जशी त्या राजाला कानाजवळची लेक दिसली, तसं ज्याचं माणूस त्याला वेळेवर दिसो. कहाणी मखमलीवरून उठली, ऐकणाऱ्याच्या गळ्यात पडली.