उशिरा पोचलेली हाक

भाविकहो, त्या साली उंबरमहाराज मोगरी नदीच्या काठाने फिरत होते. त्या काठाला गावं लहान आणि झरे फार. कातळपेठेचा झरा उकळता, वेळकोंडचा हुडहुडी भरवणारा, आणि चिंचवलीचा नुसताच कोमट. चिंचवलीकर मात्र त्यातही ताठ मानेने म्हणत, "आमचा देव कुणाला भाजत नाही नि कुणाला कुडकुडवत नाही." महाराजांनी तिन्ही ठिकाणी स्नान केलं, तिन्ही गावांना "छान आहे" असं सांगितलं, आणि एका संध्याकाळी ते एकटेच चालत हरपुडे गावासमोरच्या काठावर आले. तिथेही वेताच्या बेटात एक ऊन पाण्याचा झरा होता. त्याची वाफ अशी दाट, की पलीकडच्या माणसाला तिथे देव बसलाय की म्हैस, काही कळू नये.

अलीकडच्या, हरपुड्याच्या काठावर धाकू भोई राहत असे. धाकूच्या घराण्याकडे या घाटावरची होडी पिढ्यान् पिढ्या होती. रीत अशी, की पलीकडे आलेल्या माणसाने "होडी आण रेऽऽ" अशी हाक मारायची आणि नावाड्याने "आलो रे, आलो!" म्हणत निघायचं. हाकेशिवाय होडी हलत नसे. हरपुड्याची प्रत्येक सून याच होडीतून आली आणि हळदीचं पहिलं पाऊल याच वाळूत उमटलं.

पण सात वर्षांपूर्वी अंतोजी खोतांनी वरच्या अंगाला साकव बांधला. लोक त्या पुलावरून जाऊ लागले. पुढे धाकूची बायको सुंद्री तापाने गेली. उरले धाकू, होडी, पाण्यातल्या उदांचं, म्हणजे पाणमांजरांचं, एक कुटुंब आणि खडकावर ऊन खात पडणारी एक मगर. धाकू तिला काकी म्हणत असे. काकी उत्तर देत नसे, पण उठूनही जात नसे. धाकूला तेवढं पुरे होतं.

माणूस एकटा पडला की काय करील सांगता येत नाही. धाकू रोज दिवेलागणीला रिकामी होडी घेऊन पलीकडे जाई, काठावर उतरे, आणि हरपुड्याकडे तोंड करून ओरडे, "होडी आण रेऽऽ!" मग वाट बघत बसे. होडी येत नसे; कशी येईल, ती त्याच्या पायाशीच होती. घटकाभराने तो नावाड्याला चार शिव्या हासडी, "फार माजलाय हा धाकू!" मग आपणच ओशाळून "चुकलो बाबा" म्हणे आणि होडीत बसून घरी येई.

हे खोतांच्या गड्यांनी पाहिलं आणि गावभर केलं. खोत पारावर सर्वांदेखत म्हणाले, "काय रे धाकू, आज किती उतारू? एकच? आणि तोही तूच?"

सगळे हसले. धाकू म्हणाला, "खोतानू, हाक बंद झाली तर घाट मरंल."

"घाट मेलेलाच आहे. पुनवेपर्यंत एक जितं माणूस तुझ्या होडीत बसलेलं दाखव. नाहीतर होडी फोडून देवळाच्या चुलीत घालतो."

त्या दिवशी धाकूचं अवसानच गळालं. हाक मारायलाही तो पलीकडे गेला नाही. दारात बसून राहिला. आणि दिवेलागणीला पलीकडून स्वच्छ हाक आली, "होडी आण रेऽऽ!"

धाकूने मान वर केली, ऐकलं, आणि पुन्हा खाली घातली. म्हणाला, "काकी, माझीच हाय ती. इतकी वरसं ओरडलो, दोन-चार हाका डोंगरात अडकल्या असतील. आता सुटतायत."

दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक आली. धाकू म्हणाला, "ही गेल्या शिमग्यातली." तिसऱ्या दिवशीही आली. आणि पलीकडे, वाफेत, महाराज दिवसाला एकच हाक मारून शांतपणे बसून होते! उदांची पिल्लं त्यांच्या कमंडलूत डोकावून गेली. महाराजांनी त्यांनाही "छान आहे" म्हटलं.

चौथ्या दिवशी, पुनवेला, दुपारीच खोत कुऱ्हाड नि दोन गडी घेऊन आले. गड्याने कुऱ्हाड झोपडीच्या दाराशी टेकवली. खोत म्हणाले, "बोलाव तुझा उतारू."

तेवढ्यात हाक आली, "होडी आण रेऽऽ!"

"गुराखी असेल," खोत म्हणाले.

"नाय जी, माझीच जुनी हाक..." धाकू बोलता बोलता थबकला. खोतांनाही ऐकू आली होती! आणि आवाज तर त्याच्यासारखा नव्हताच. शांत, म्हाताऱ्या माणसाचा होता. तीन दिवस कुणीतरी आपली वाट बघतंय! "आलो रे, आलो!" असा तो ओरडला, की काकी सात वर्षांत पहिल्यांदा पाण्यात उतरली.

पलीकडे पोचताच त्याने महाराजांच्या पायांवर लोळण घेतली. "देवा, वर साकव होता. तीन दिस का बसलात?"

महाराज म्हणाले, "साकवाला हाक मारता येत नाही, बाळा."

ते होडीत चढले आणि एवढी मोठी रिकामी होडी असून अगदी कोपऱ्यात अंग चोरून बसले. मग शेजारच्या रिकाम्या फळीला म्हणाले, "आजी, थोडं सरकता का? मागची मंडळी उभी आहेत."

धाकूने वल्हं मारलं आणि तो चपापला. होडी जड होती. होडीचा काठ पाण्यावर दोनच बोटं उरला होता. डोळ्यांना दिसत होते एकटे महाराज, पण नावाड्याचे हात खोटं बोलत नाहीत. हे लग्नसराईतलं वजन होतं. वाऱ्यावर हळदीचा नि अबोलीचा वास आला. धाकू रडत रडत होडी हाकत राहिला.

अलीकडे खोत हसत होते, "एक गोसावी बसला आणि होडी बुडायला आली! कुजलीय नुसती!"

होडी वाळूला लागली. महाराज उतरले, आणि त्यांच्यामागून होडी हळूहळू वर उठत गेली. ओल्या वाळूवर पावलं उमटू लागली. पाय दिसेनात, नुसती पावलं. म्हाताऱ्यांची फताडी, पोरांची उड्या मारणारी, जोडव्यांच्या खुणा असलेली. गडी घाटावरून पळाले, ते थेट साकवापर्यंत.

खोतांचं हसू अर्धंच राहिलं. त्यांच्या समोरून एक पावलांची जोड जात होती: डावं पाऊल पूर्ण, उजव्याची नुसती बोटं. अशी पावलं त्यांनी लहानपणी सारवलेल्या अंगणात रोज पाहिली होती. त्यांची लंगडी आई याच होडीतून नवरी म्हणून आली होती आणि ते आठ वर्षांचे असताना गेली होती. पावलं त्यांच्यापुढे क्षणभर थांबली, बोटं वाळूत जरा खोल रुतली, जणू कुणी टाचा उंचावून चेहरा बघावा. मग वाळू संपली.

"आई..." खोत मटकन खाली बसले. "महाराज, आपण माझ्या आईला आणलंत!"

"आम्ही?" महाराज म्हणाले. "यानं इतकी वर्षं रोज हाक मारली. त्या सगळ्यांनी ऐकली. आम्ही फक्त सरकून जागा करून दिली."

एक जोडी मात्र गावाकडे वळली नव्हती. ती झोपडीपर्यंत गेली होती. धाकूने ती ओळखली. दाराशी टेकवलेली कुऱ्हाड तेवढी त्याने उचलून बाजूला ठेवली, वाटेत येऊ नये म्हणून.

खोतांनी महाराजांपुढे डोकं टेकलं. महाराजांनी त्यांना उठवून धाकूकडे वळवलं. खोत हात जोडून म्हणाले, "धाकूदादा, मला एकदा होडीतून ने."

धाकूने डोळे पुसले. "नेईन की. पण रीत हाय खोतानू. पलीकडनं हाक मारावी लागते."

आणि भाविकहो, हरपुड्याचे खोत अंतोजी अनवाणी निघाले, स्वतःच्याच साकवावरून नदी ओलांडून, वेताची बेटं तुडवत झऱ्यापाशी आले. दिवेलागण झाली होती. त्यांनी तीनदा घसा खाकरला. मग लहान पोरासारख्या आवाजात हाक मारली, "होडी आण रेऽऽ!"

या वेळी धाकू चुकला नाही. "आलो रे, आलो!"

होडी आली, तेव्हा खोतांनी तिच्या फळीवर कपाळ टेकलं. मग चढले, आणि पुष्कळ जागा असूनही कोपऱ्यात अंग चोरून बसले.