श्रेष्ठी कुबेरनंदीची पहिली भूक

पूर्वी वरुणावती नगरीवर जयसेन राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व त्याच्या अमात्याच्या कुळात जन्मला आणि वयात आल्यावर स्वतः अमात्य झाला. त्याचे नाव सुयाम. तो बोलायचा कमी, आणि राजसभेत बोलणाऱ्यांची टंचाई नसल्यामुळे त्यावाचून कुणाचे फारसे अडत नसे.

त्याच नगरीत कुबेरनंदी नावाचा श्रेष्ठी राहत होता. नगरीतले निम्म्याहून अधिक धान्य त्याच्या कोठारांत होते. माणूस दुष्ट नव्हता, हे आधीच सांगितलेले बरे. फक्त त्याला जन्मात कधी भूक लागली नव्हती. डोळे उघडताच पेज येई, पेजेमागोमाग लाडू येत, आणि लाडू पोटात उतरतो न उतरतो तोच आचारी विचारायला येई की दुपारी काय करू. भूक लागायला मधे थोडी सवड तरी हवी ना!

त्या वर्षी पावसाने लागोपाठ दुसऱ्यांदा पाठ फिरवली. कुंभारवाड्यात चुली पेटेनाशा झाल्या. लोक कंदमुळे उकडून खाऊ लागले आणि तीही संपत आली. श्रेष्ठीने कोठारे उघडावीत असे साऱ्या नगरीला वाटे. भाव अजून थोडा चढावा असे श्रेष्ठीला वाटे. राजा मनाने चांगला होता, पण निर्णय म्हटला की त्याला घाम फुटायचा. म्हणून त्याने वादसभा बोलावली. एकाकडे इतके आणि बाकीच्यांकडे काहीच नाही, हे योग्य की अयोग्य, असा विषय ठेवला.

देशोदेशीचे पंडित आले. ते राजवाड्यात राहू लागले, राजवाड्यात जेवू लागले, आणि जेवण उत्तम असल्यामुळे वाद मिटण्याची काही चिन्हे दिसेनात. कुणी म्हणाला, ज्याचे त्याचे गतजन्मीचे पुण्य. कुणी म्हणाला, श्रीमंताची वाटी भरून वाहू लागली की शेजाऱ्याला ओघळ मिळतोच, घाई कशाला करता? सर्वांत गाजला तो पंडित वाचाभूषण. तो म्हणाला, "महाराज, नगरीतले सगळे धान्य घ्या आणि त्याला माणसांनी भागा. माणशी चार पोती येतात. तेव्हा या नगरीत भुकेला कुणी नाहीच."

राजाला हायसे वाटले. कुबेरनंदीने तर गळ्यातला हार काढून पंडिताच्या गळ्यात घातला.

तेवढ्यात खिडकीबाहेरून आवाज आला. टोपल्या विणणारी सोमा म्हातारी गज धरून उभी होती. "पंडितमहाराज, माझी चार पोती कुणाच्या घरी ठेवलीत तेवढं सांगा. माझी मी नेते उचलून, तुम्हाला तसदी नको."

सभा खो खो हसली. म्हातारी हसली नाही. तिची नातवंडे घरी उपाशी होती आणि ती खरोखरच विचारत होती.

राजा खजील झाला. तो अमात्याकडे वळून म्हणाला, "सुयाम, तू इतके दिवस काहीच बोलला नाहीस."

"महाराज, उद्या वादाची सांगता करावी आणि सांगतेला पंगत घालावी. पंगतीची व्यवस्था तेवढी माझ्याकडे असू द्या."

अमात्य म्हणजे अगदीच शुष्क माणूस नाही, असे कुबेरनंदीच्या मनात प्रथमच आले.

आता वरुणावतीच्या पंगतीची एक रीत होती, ती सांगायला हवी. शेवटच्या पानावर वाढून होईपर्यंत कुणी घास उचलायचा नाही, आणि कुणी उठायचेही नाही. इथे राजालाही सूट नव्हती. एकाच्या आजोबांनी कधी काळी एक वडा आधी तोंडात टाकला होता, तर नातवाला अजून कुणी मुलगी देत नव्हते.

दुसऱ्या दिवशी कुबेरनंदीने सकाळची पेज परत पाठवली, लाडूही परत पाठवले. राजाघरच्या जेवणाला पोटात जागा ठेवायला नको का? पहिले पान राजाचे, दुसरे त्याचे, तिसरे अमात्याचे. पानावर वाफाळता भात आला, वरण आले, तुपाची धार पडली, वडे आले, द्रोणात खीर आली. वाढपी पुढे सरकले. श्रेष्ठीने बाह्या सावरल्या आणि तो खूण होण्याची वाट पाहू लागला.

खूण होईना.

"अमात्य, अडलंय कुठं?"

"पंगत वाढणं चालू आहे, श्रेष्ठी."

कुबेरनंदीने मान लांब करून पाहिले. पानांची ओळ सभागृहाच्या दारातून बाहेर पडली होती, अंगण ओलांडून वेशीकडे गेली होती, आणि वेशीपाशी वळल्यामुळे पुढचे दिसत नव्हते.

"ही संपते तरी कुठं?"

"शेवटचा माणूस बसला आहे तिथं."

काही वेळाने ओळीतून तोंडोतोंडी निरोप आला की बाजारपेठेपर्यंत वाढून झाले आणि राजाचा मुदपाकखाना संपला. पुढे कुंभारवाडा रिकामी पाने मांडून बसला आहे. चुली पेटवून आधण ठेवले आहे, पण आधणात घालायला तांदूळ नाही.

राजाने हात मांडीवर ठेवले आणि तो वर आढ्याकडे पाहू लागला. पंडित वाचाभूषणाला मात्र राहवेना. "महाराज, शेवटचा म्हणजे कोण, हे आधी ठरले पाहिजे. शिवाय इथले वडे साऱ्या पंगतीत भागले तर माणशी अर्धा वडा येतो. म्हणजे सर्वांना वाढून झाले, असेच म्हणावे लागेल."

मुद्दा कालचाच होता. काल तो श्रेष्ठीच्या डोक्याला पटला होता. आज पोटाला काही केल्या पटेना. पोटात कावळे ओरडत होते, आणि ही भानगड काय आहे हे त्याला आधी कळेचना. त्याला वाटले, आपण आजारी पडलो. तुपाचा वास नाकात जाई आणि डोळ्यांत पाणी येई. समोर भात निवत होता, खिरीवर साय धरत होती, माशी येऊन बसत होती. माशीला पंगतीची रीत लागू नव्हती.

"तप्तक!" त्याने मागे उभ्या असलेल्या आपल्या कारभाऱ्याला हाक मारली. "एक कोठार उघड. लवकर जा."

तांदूळ गेला, आधणात पडला, शिजला. निरोप आला की अर्धा कुंभारवाडा झाला. "दुसरं उघड," श्रेष्ठी म्हणाला. पुन्हा वाट पाहणे आले. त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. भाव, नफा, पुढचा हंगाम, यांतले काहीएक त्याला आठवेना.

तो हळूच अमात्याकडे झुकला. "सुयाम, खरं सांग. भूक म्हणतात ती हीच का?"

"ही तिची सुरुवात आहे, श्रेष्ठी."

"आणि ते पलीकडचे लोक... त्यांना हे कधीपासून होतंय?"

"दोन वर्षं झाली. ते असेच वाट पाहत बसले आहेत. त्यांच्यापुढं पान तेवढं नव्हतं."

कुबेरनंदीला फार वाईट वाटले आणि स्वतःची लाजही वाटली. आपण वाईट वागलो असे त्याला तोवर कधी वाटलेच नव्हते, कारण हे असे असते हे त्याला माहीतच नव्हते. त्याने कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि तप्तकाच्या हातात दिला. "सगळी उघड. मला विचारायला येऊ नकोस."

उन्हे कलली तेव्हा निरोप आला की शेवटच्या पानावर वाढून झाले. सभागृहातून मोठा सुस्कारा निघाला. राजाने खूण केली. पंडिताने दोन्ही हातांनी दोन वडे उचलले. कुबेरनंदीने थंडगार भाताचा भला मोठा घास केला, तोंडापाशी नेला, तोंड उघडले, आणि तो तसाच थांबला.

"कुणी राहिलं नाही ना?" तो म्हणाला. "परत एकदा विचारा."

"श्रेष्ठी!" वाचाभूषण रडकुंडीला येऊन ओरडला.

"विचारा म्हणतो ना!"

प्रश्न ओळीतून गेला. उत्तर यायला बराच वेळ लागला. नदीपलीकडे नावाड्यांची दोन घरे होती. त्यांना कुणी बोलवायलाच गेले नव्हते. खुद्द अमात्याच्याही ध्यानातून ती निसटली होती.

कुबेरनंदीने घास पानात परत ठेवला. "नाव पाठवा," तो म्हणाला. "आम्ही थांबतो."

सारी पंगत थांबली. नाव जाऊन परत आली, नावाड्यांना वाढले गेले, आणि मगच वरुणावती जेवली. असा गारढोण भात आपण जन्मात इतका चवीने खाल्ला नव्हता, असे श्रेष्ठी पुढे सर्वांना सांगत असे. पाऊस पडेपर्यंत कोठारांना कुलूप लागले नाही.

नंतर राजाने विचारले, "सुयाम, आज्ञा देऊन कोठारं उघडली असती तर?"

"उघडली असती, महाराज. पुढच्या दुष्काळात आणखी मोठं कुलूप लागलं असतं."

ही कथा शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, आपल्या भिक्षूंना सांगितली. तो श्रेष्ठी म्हणजे शास्त्याचा जन्मोजन्मीचा वैरी देवदत्तच असणार, असे भिक्षूंनी मनाशी ठरवूनही टाकले होते. शास्ता म्हणाला, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा आज माझा शिष्य आनंद आहे. खिडकीशी उभी राहिलेली सोमा आज भिक्षुणी उत्पलवर्णा आहे. देवदत्त होता तो पंडित वाचाभूषण. अमात्य मी होतो, आणि नावाड्यांना विसरलो होतो. तोंडाशी नेलेला घास ज्याने खाली ठेवला आणि मला त्यांची आठवण करून दिली, तो कुबेरनंदी आज श्रावस्तीत अनाथपिंडिक होऊन राहतो. तुमच्या पात्रांत आत्ता जो भात आहे तो त्याच्याच घरचा. या गुणाला करुणा म्हणतात. ती पोटापासून सुरू झाली म्हणून तिला हलकी समजू नका."