धाकूने मासळी सोडली

खाडीच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावात एक भोळा धाकू होता. भोळी माणसं सगळ्याच गावांत असतात, पण बाकीची अधूनमधून शहाण्यासारखं वागून जातात. धाकूनं तो दोष स्वतःला कधी लावून घेतला नाही. सांगितलं तेवढं करायचं, सांगितलं तसंच करायचं, हा त्याचा बाणा. एकदा "दाराकडे बघ" असं सांगून आई बाजाराला गेली. ती परत येईपर्यंत हा दाराकडे बघत बसला. मागच्या खिडकीतून बोका शिरला आणि तळलेला मासा घेऊन गेला, पण धाकूनं मान वळवली नाही. दार मात्र जागच्या जागी होतं.

घरात धाकू आणि त्याची आई, दोघंच. मासळीवाचून त्या घरात चूल पेटत नसे. सकाळी पेजेबरोबर भाजलेला सुका बांगडा, दुपारी ताज्या बांगड्याची आमटी, आणि रात्री दुपारचीच आमटी, कारण ती मुरली की आणखी छान लागते. "माशे नसले तर ता जेवाण न्हय, औषध," असं आई म्हणायची.

अशा घरातल्या धाकूला आवडली शेवंती. खाडीपलीकडच्या रावजींची ही लेक बाजारात तांबडी भाजी आणि मुळे विकायला यायची. एकदा तिनं मुळ्याची एक जुडी धाकूच्या हातात फुकट ठेवली आणि हसली. धाकूनं ती जुडी उशाशी ठेवली. मुळे सुकून वाती झाले, आईनं नाकाला पदर लावला, पण जुडी काही हलली नाही. पोराचा जीव खरोखरच जडला होता, आणि भोळ्याला जीव लपवून ठेवता येत नाही.

शेजारचा बाबलकाका मध्यस्थ म्हणून पलीकडे जाऊन आला.

"रावजी तयार आसा," तो म्हणाला. "पण तो पडलो माळकरी. पोरगी देतलो ती शिवराक खाणाऱ्याक. माशे-मटण खाणारो जावय त्याका नको. पुनवेक घर बघूक येतलो."

आईनं डोळे मिटून एकदा सुरमईचा विचार केला. मग सुनेचा विचार केला.

"जमतला," ती म्हणाली. "माजा काय ता मी बघीन. पण धाक्या, आजपासून तू बांगडो खाव नको."

"समाजला," धाकू म्हणाला.

त्या दिवशी त्यानं बांगड्याला हात लावला नाही. सुरमईच्या चार तुकड्या खाल्ल्या.

"मेल्या, शिवराक व्हवचा हा ना तुका?" आई ओरडली.

"आये, तू बांगडो म्हटलंस. ही सुरमई."

आईनं कपाळाला हात लावला. मग तिला वाटलं, एकेका माशाचं नाव घेत बसलं तर पुनव उलटून जाईल. असं काहीतरी सांगावं की सगळे मासे एका फटक्यात बाद होतील.

"नीट आयक. ज्याका डोळे आसत, ता खावचा नाय."

"समाजला."

दुसऱ्या दिवशी आईनं खास त्याच्यासाठी डाळीची आमटी करायला घेतली. नारळ सोलला. धाकू शेजारी बसून बघत होता. त्यानं नारळ हातात घेतला, शेंडी बाजूला केली आणि घाबरून खाली ठेवला.

"आये, ह्याका तीन आसत! बांगड्यापरास एक जास्ती!"

त्यानं नारळ सोडला. आता कोकणातल्या स्वयंपाकातून नारळ काढला तर मागे उरतं पाणी आणि हळद. धाकू दिवसभर उपाशी राहिला. संध्याकाळी बाबलकाकाच्या घरून तिसऱ्या आल्या, शिंपल्यातल्या, गरमागरम. धाकूनं एकेक शिंपला उघडून, दिव्याजवळ धरून नीट तपासला. एकीलाही डोळा नव्हता. त्यानं टोपभर तिसऱ्या संपवल्या आणि समाधानानं ढेकर दिली.

"आये, तिसऱ्या चालतत!"

"चालतत तुजा कपाळ!" आई म्हणाली. "डोळ्यांचा सोड. पाण्यातसून जा येता, ता खावचा नाय. कायएक नाय."

"समाजला."

तिसऱ्या दिवशी आईनं पान वाढलं. धाकूनं भाताकडे बघितलं. भात कुठून येतो हे त्याला चांगलं ठाऊक होतं. गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यानंच तो लावला होता. त्यानं भात बाजूला केला. मीठ तर मिठागरातून, म्हणजे थेट समुद्राच्या पोटातून आलेलं. तेही गेलं. अळूची भाजी केली होती, ते अळू न्हाणीच्या पाण्यावर वाढलं होतं. धाकूनं हात जोडले आणि पानावरून उठला.

दुपारी बाबलकाकाकडे कोंबडी-वड्यांचा बेत होता. धाकू तिथे गेला, पण असा तसा बसला नाही. आधी त्यानं अंगणातली एक कोंबडी उचलून गुरांच्या डोणीतल्या पाण्यात ठेवून पाहिली. ती फडफडत, शिव्या देत बाहेर आली. ही काही पाण्यातली नव्हे, अशी खात्री झाली, तेव्हाच तो पाटावर बसला.

"आये, कोंबडी चालता!" घरी येऊन त्यानं सांगितलं.

"अरे, डोळे आसत ना तिका!"

"डोळ्यांचा काल होता. आज पाण्याचा."

आईनं पदरानं वारा घेतला आणि पुन्हा नेट धरला.

"कापताना जा आराडता, ज्याच्या आंगातसून रगात येता, ता खावचा नाय. आता तरी समाजला?"

"समाजला."

चौथ्या दिवशी आईनं वांगं भाजायला निखाऱ्यावर ठेवलं. ते चिरचिरलं आणि फटकन फुटलं. धाकूनं कानावर हात ठेवले. "आये, सोड त्याका, आराडता बिचारा!" भरीत गेलं. सोलकढीसाठी तिनं आमसुलं पिळली, तर वाटीत हे लालभडक पाणी. धाकूच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं वाटीला नमस्कार केला. मग भुकेनं कासावीस होऊन तो फळीवरच्या बरण्या शोधू लागला. एका बरणीत सुकट होती. त्यानं मूठभर सुकट घेतली, दाबून बघितली, कातरून बघितली, कानाला लावून बघितली. ओरडणं नाही, रक्त नाही. सुकट आपली गप्प बसली होती.

"आये, सुकट चालता!"

या खेपेला आई रागावली नाही. उंबऱ्यावर बसून रडली. पोरानं काही लबाडी केली असती तर चार धपाटे घालता आले असते. पण त्यानं एकदाही चोरून खाल्लं नव्हतं. सांगितलेलं सगळं प्रामाणिकपणे पाळत, अर्धपोटी राहून, शेवंतीसाठी तो वाळत चालला होता. त्यात चूक एवढीच, की तो सोडायचं ते खात होता आणि खायचं ते सोडत होता.

पुनव आली. आईनं घर सारवलं. भांडी राखेनं आणि चिंचेनं घासली. सुकटीची बरणी बाबलकाकाकडे पोचती केली. रावजींसाठी खीर आणि वडे असा साधा बेत ठरवला. सगळं जागेवर होतं, धाक होता तो फक्त शेजाऱ्यांचा. त्या गावची रीत अशी, की कुणाला चांगली मासळी मिळाली की त्यातला वाटा न विचारता शेजाऱ्याच्या दारात आणून टाकायचा. रावजी अंगणात यायला आणि पायरीवर कुर्ल्या वळवळायला एकच गाठ पडली, तर शेवंती गेलीच म्हणायची.

आणि आईला तर गुरवाकडे पितळेचं ताट मागायला जायचं होतं. तिनं धाकूला समोर उभं केलं. आजवरचे सगळे धडे तिनं एका दोरीत ओवले, म्हणजे कुठे भोक म्हणून राहू नये.

"झिला, नीट आयक. ज्याका डोळे आसत, जा पाण्यातसून येता, जा आराडता, ज्याच्या आंगातसून रगात येता, असा काय दारात इला तर घरात घेव नको. उचल, खाडीत नेऊन सोड आणि हात जोड. एकच खूण बघू नको. सगळ्यो खुणो बघ."

"समाजला," धाकू म्हणाला आणि पायरीवर बसला.

आई निश्चिंत मनानं गेली.

भरती त्या दिवशी लवकर आली, म्हणून रावजीही लवकर आले. पण लाटांमुळे होडी काठाला लागेना. तेव्हा त्यांनी धोतर सावरून पाण्यात उडी घेतली, कमरेपर्यंत भिजले, आणि खडकावरच्या कालवाच्या शिंपेनं त्यांचा पाय चांगलाच कापला. ठिबकत, लंगडत ते अंगणात आले आणि ओरडले, "अरे, घरात कोण आसा काय?"

रावजींना धाकूनं याआधी कधी पाहिलं नव्हतं. तो उठला आणि जवळ जाऊन निरखून बघू लागला. डोळे होते, चांगले दोन. धोतरातून खाडी गळत होती. ओरडणं चालूच होतं. खाली बघितलं, तर पावलातून रक्त.

धाकूचा आनंद गगनात मावेना. रोज काही ना काही चुकत होतं. आज एकही खूण कमी नव्हती.

त्यानं रावजींना उचलून खांद्यावर टाकलं. रावजी किडकिडीत, धाकू वल्हं मारून तयार झालेला.

"अरे, काय करतस? सोड माका!" रावजी पाय झाडत ओरडले.

"सोडतंय, सोडतंय," धाकू प्रेमानं म्हणाला. "थोडो दम धर. पाणी येवंदे."

पाणी आलं. धाकूनं रावजींना अलगद झोका दिला आणि खाडीत सोडलं. मग दोन्ही हात जोडले.

"जा बाबा, सुखान रव. मी आता कोणाक खाय नाय."

थोड्या अंतरावर बाबलकाका पाग टाकून मासे धरत होता. जाळ्याला असा हिसका बसला की त्याला वाटलं, जन्माचं दारिद्र्य फिटलं. ओढून बघतो तर आत रावजी. त्याच पागेत गुंडाळून त्यानं त्यांना काठावर आणलं आणि तसंच धाकूच्या दारात नेऊन ठेवलं. धाकू वैतागला.

"आये," ताट घेऊन येणाऱ्या आईला तो म्हणाला, "मी सोडलंय, तर ह्यो परत इलो!"

आईच्या हातातलं ताट घणघणत खाली पडलं. रावजी बराच वेळ खोकत होते. सगळ्यांना वाटलं, आता सात पिढ्यांचा उद्धार होणार. पण रावजींनी तोंड पुसलं आणि बाबलकाकाला विचारलं, "ह्यो पोरगो सगळ्यांकाच असो सोडता?"

"शेजाऱ्यांचो वाटो दारात इलो तर सोडूक सांगला हा त्याका," आई कसंबसं म्हणाली.

"आणि हात जोडता?"

"जोडता."

रावजींनी गळ्यातल्या माळेवर हात ठेवला. "इतकी वर्सां माळ घातलंय, पण दारात इलेलो जीव उचलून पाण्यात सोडूक गेलंय नाय कधी. पोरान लाज आणली माका. पोरगी दिली!"

आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तिनं धाकूला पुढे ढकललं. "धाक्या, पाया पड! अरे, ह्यो तुजो सासरो!"

धाकू सकाळपासून उपाशी होता. त्यानं रावजींना वरपासून खालपर्यंत एकदा न्याहाळलं आणि आवंढा गिळला.

"आये," त्यानं आशेनं विचारलं, "सासरो चालता?"

माळेवर हात ठेवून दिलेला शब्द, तो काही मागे घेता येईना. लग्न झालं. शेवंतीनं आल्याबरोबर धाकूला एवढंच सांगितलं, की मी पानात वाढीन तेवढंच खायचं, आणि त्यानंतर त्या घरात कधी घोटाळा झाला नाही. धाकू आता पक्का शिवराक आहे. आई आपली सुकट बाबलकाकाकडे जाऊन खाऊन येते.

रावजी अजून सणावाराला लेकीला भेटायला येतात, पण होडीतून उतरत नाहीत. काठापासून चार हात लांब होडी थांबवतात आणि खुशालीच्या आधी तिथूनच विचारतात, "शेवंते, जावय जेवलो काय गो?"