म्हाळू कोष्ट्याचा माग

मुलांनो, आणि मुलांच्या आजी-आजोबांनो, ही फार फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा एका राज्यात जुन्या वस्तूंचा लिलाव दवंडीवर होई. दवंडीवाला गावोगाव फिरून वस्तूचं वर्णन करी आणि लोकांच्या बोली घेऊन परत येई. विकणारा घेणाऱ्याला दिसत नसे, घेणारा विकणाऱ्याला. अमावस्येला ज्याची बोली मोठी, वस्तू त्याची.

त्या राज्यात म्हाळू नावाचा म्हातारा कोष्टी होता. हात कापू लागले, तसं विणणं सुटलं. मुलगा तापाने गेलेला. आता लेकीकडे राहायला जायचं, म्हणून बापजाद्यांचा माग विकणं भाग होतं.

दवंडीवाला म्हणाला, "बाबा, वस्तूची खोड आधी सांगा. गुण मग ऐकतील लोक."

"पायाखालची एक पट्टी तडकली आहे," म्हाळू म्हणाला. "बाकी माग नातवंडांपर्यंत चालेल."

या खरेपणावर भरवसा ठेवून डोंगरापलीकडच्या गोजरा नावाच्या बाईने बोली पाठवली. दवंडीवाल्याने सांगितलं, तिच्या घराला आग लागली होती. त्यात नवराही गेला आणि मागही.

दुसरं कुणी बोली लावेना. आयुष्यभराचा सोबती इतका स्वस्त जायचा? म्हाळूच्या मनात येऊ लागलं.

म्हाळूचा शेजारी हळूच म्हणाला, "मी लावतो खोटी बोली. बाई गरजू आहे, चढेल."

म्हाळूला ते टोचलं. पण त्याने शेजाऱ्याला अडवलं नाही.

शेजाऱ्याने बोली वाढवली. गोजराही चढली. मग मात्र म्हाळूला मोह आवरेना. "अजून एकदा लाव," तो स्वतःच म्हणाला.

अमावस्येला दवंडीवाला आला. "माग शेजारीबुवांचा."

"आणि ती बाई?" म्हाळूने घाईने विचारलं.

"आधीच्या बोलीसाठी तिनं शेळीसुद्धा विकायला काढली होती. आता थांबली. म्हणाली, माझ्याहून कुणाला तरी जास्त गरज असेल. सुखानं विणू दे त्याला."

म्हाळूने दवंडीवाल्याचा हात धरला. त्याने सगळं सांगून टाकलं. "तिच्या पहिल्याच बोलीला देतो. धाव, सांग तिला!"

दवंडीवाला गेला तसा परत आला. गोजरा पोरांना घेऊन परमुलखात मजुरीला निघून गेली होती. कुठे, ते तिच्या गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.

म्हाळूने पुन्हा दवंडी पिटवली. पण खोट्या बोलीची गोष्ट तोवर सगळीकडे पसरली होती. एकही बोली आली नाही.

लेक न्यायला आली, तर म्हातारा उंबरा ओलांडेना. "ती परत आली तर?" एवढंच म्हणे. गोजरा आली नाही. मागाला वाळवी लागली, आणि एके दिवशी माग जागच्या जागी कोसळला. म्हाळू त्या भुशात हात घालून लहान मुलासारखा रडला.

तात्पर्य: खोट्या बोलीने किंमत चढते, पण वस्तूची खरी कदर असणारा माणूस कायमचा हातचा जातो.