चिंचेवर खुनाचा आळ

गोऱ्यांच्या अमदानीत एका जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्याचा मोठा बोलबाला होता. तिथं म्हणे वर्षभरात कुणी मेलंच नव्हतं. मरणार कसं? रोगी शेवटच्या घटका मोजू लागला, की त्याला उचलून फाटकाबाहेर चिंचेखाली टाकायचं, असा सर्जन पेंडलटनसाहेबाचा हुकूमच होता. गोदू कोष्टिणीचा नवरा तिथंच पाणी पाणी करत गेला.

लाटसाहेब सर्जनला पदक द्यायला आले, तेव्हा गोदू तडक मांडवात शिरली.

"सरकार, फाटकाजवळच्या चिंचेला फाशी द्या," ती म्हणाली. "आमचे धनी आत खाटेवर जिवंत होते. त्या झाडाखाली नेले आणि मेले. गावातली किती माणसं त्या अवदसेनं गिळलीत."

पेंडलटन खो खो हसला. "ही अडाणी माणसं झाडावरच्या हडळीला भितात. झाड कधी माणूस मारतं का?"

"नाही ना मारत?" गोदूचे डोळे कोरडे ठाक होते. "सरकार, चिंच निर्दोष सुटली, साहेबानंच सोडवली. आता आत कुणी मरत नाही, बाहेर झाड कुणाला मारत नाही, मग माझं कुंकू पुसलं कुणी?"

लाटसाहेबांनी पदक पुन्हा डबीत ठेवलं. पेंडलटनची पुढं काढलेली छाती तशीच राहिली.